काकू आहेत ना!

अमेरिकेत मला सगळे काकू म्हणायचे. पहिल्या आठवड्यात त्याचं काय कौतुक वाटलं होतं मला! पोट्टे एवढ्या लांब आले पण बोलण्यातला मान सोडला नाही, असं मी नागपूरला बहिणीला फोनवर सांगितलंसुद्धा. महिना झाला आणि उलगडा झाला. तिथे काकू म्हणजे ड्यूटी. "काकू आहेत ना," असं कुणीतरी म्हणायचं आणि माझ्या मांडीवर एक मूल येऊन पडायचं. कधी आमचं, कधी लोकांचं. "काकू, पटकन ग्रोसरी करून येतो हं." पटकन म्हणजे आधी ग्रोसरी, मग कॉफी, मग जमलं तर एखादा सिनेमा.

मी गेले होते लेकीच्या बाळंतपणाला. दोन हजार पाचचा डिसेंबर, अटलांटाजवळचं अल्फारेटा. नात झाली. तिचं सगळं मी हौसेनं केलं. तेल लावलं, न्हाऊ घातलं, डिंकाचे लाडू वळले. एकदा शेक-धुरीचा घाट घातला तर छताला लावलेला धुराचा भोंगा असा काही बोंबलला की खालच्या मजल्यावरची गोरी बाई कुत्र्यासकट बाहेर पळाली. त्यानंतर धुरी बंद, बाकी सगळं चालू. ह्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नातीचं आजीनं करायचं नाही तर कुणी करायचं?

पण मी नुसती आजी नाही ना बाप्पा! नागपुरात मी बायकांना गाडी शिकवते. जुनी मारुती आहे माझी, तिला शिकवणाऱ्याच्या बाजूनेही ब्रेक आणि क्लच बसवून घेतलेत. नवरा गेल्यावर सुरू केलं ते. आधी गल्लीतले लोक हसले, मग त्यांच्याच सुना वह्या घ्यायला जाते सांगून माझ्याकडे शिकायला आल्या. तिथे मला मॅडम म्हणतात. अमेरिकेला निघताना मी इंटरनॅशनल परमिटही काढून नेलं होतं. जावईबापूंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि हसले. "आई, इथे राइट साइडला चालवतात. तुम्ही कशाला टेन्शन घेता?" टेन्शन मी घेतलंच नव्हतं, ते त्यांनी घेतलं. गाडीची किल्ली काही माझ्या हाती आली नाही.

आणि माझी लेक! चांगली इंजिनिअर झालेली पोरगी. लग्न होऊन चार वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणून नोकरीची परवानगी नाही, आणि गाडी येत नाही म्हणून घराबाहेर पाऊल नाही. एकदा टेस्टला नापास झाली, त्यानंतर तिनं गाडीचं नाव काढलं नव्हतं. कॉलेजात असताना तर माझ्या मारुतीत बसायचीही तिला लाज वाटायची, टपावर शिकाऊ गाडीची पाटी होती म्हणून. मैत्रिणींना दिसू नये म्हणून दोन चौक आधी उतरायची.

जावई सकाळी गाडी घेऊन ऑफिसला गेले की संध्याकाळपर्यंत आम्ही तिघी त्या अपार्टमेंटात. चालत कुठे जावं म्हटलं तर फुटपाथ पुढच्या वळणावर संपायचा, कंत्राटदार अर्धवट टाकून पळाल्यासारखा. पाच महिन्यांत मी माझ्या मनानं कुठेही गेले नाही. जिथे नेलं तिथे गेले, जिथे बसवलं तिथे बसले. मी! जिनं आयुष्यात कुणाच्या स्कूटरवर मागे बसायलासुद्धा आढेवेढे घेतले!

मेच्या शेवटी लाँग वीकएंड आला. जावईबापू आणि त्यांचा एक पुण्याचा मित्र, दोघांनी मिळून सेंट थॉमसचा बेत ठरवला. बेट कॅरिबियनमधलं, पण अमेरिकेचंच. दोघांच्याही पासपोर्टवरचे व्हिसाचे शिक्के संपलेले, म्हणजे देशाबाहेर पडलं की परत यायला कॉन्सुलेटच्या रांगा. ह्या बेटाला ती कटकट नाही, समुद्र परक्याचा आणि कायदा घरचा. अशा ठिकाणी आपल्या लोकांचं डोकं फार चालतं. निघायच्या आधी लेक मला म्हणाली, "आई, तिथे एक अख्खा दिवस तुझा. प्रायव्हेट टूर बुक केलीय. गाडी, ड्रायव्हर, सगळं बेट. तू फक्त बसायचं आणि बघायचं." मी त्या दिवसासाठी नवे बूट घेतले. पांढरे, दोरीवाले. साठीला आलेल्या बाईनं बुटांची एवढी हौस करावी का, असं जावयांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण बोलले नाहीत.

आम्ही चौघं, म्हणजे लेक, जावई, नात आणि मी, आणि पुण्याचं ते जोडपं नि त्यांचं तीन वर्षांचं कार्टं. पहिल्या संध्याकाळी हॉटेलसमोरच्या वाळूत बसलो होतो. नात माझ्या मांडीवर होती हे सांगायला नकोच. लेक सरकत सरकत माझ्याजवळ आली. ही लहानपणी काही मागायचं असलं की अशीच सरकायची.

"आई, तुझं एक्स्टेंशन टाकू या का?"

"कसलं?"

"व्हिजिटर व्हिसाचं गं. अजून सहा महिने. अप्लाय केलं की मिळतं. सगळेच करतात."

"माझं जूनचं तिकीट आहे ना."

"ते पुढे ढकलता येतं. आणि खरं सांग, तुला तिथे काय आहे आता?"

तुला तिथे काय आहे आता! डोक्यात तिडीक गेली माझ्या. तिथे माझं घर आहे, माझी गाडी आहे, जूनच्या बॅचला नाव घालून बसलेल्या बायका आहेत. त्यातली एक तर शाळेतली शिपाईण, दुसऱ्या क्लासला जाणार नाही म्हणून सांगून बसलीय, मॅडम आल्या की शिकीन म्हणते. आणि हिला वाटतं तिथे भिंतींशिवाय काही नाही. मांडीवरच्या नातीची झोपमोड होईल म्हणून मी गप्प राहिले, पण ही ट्रिप कशासाठी आहे ते मला तिथेच कळलं. म्हातारीला समुद्र दाखवायचा, गोड बोलायचं आणि सहा महिने ठेवून घ्यायचं.

पुढचे दोन दिवस काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. पहिल्या दिवशी दोन्ही जोडपी बोटीतून मासे बघायला गेले. "काकू आहेत ना!" दुसऱ्या दिवशी बाजारात घड्याळं बघायला गेले. काकू होत्याच. मी खोलीत दोन मुलांना घेऊन बसले, घरून आणलेल्या कुकरमध्ये खिचडी लावली, आणि खिडकीतून बंदरात आलेल्या बोटी बघितल्या. बोट म्हणजे आपल्या सीताबर्डीवरची इमारत आडवी करून पाण्यात सोडलेली, एवढी मोठी. मी स्वतःला समजावलं, उद्या आपला दिवस आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी तयार होऊन हॉटेलच्या पायऱ्यांवर उभी होते. निळा पंजाबी ड्रेस, पांढरे बूट, पर्स. गाडी आली. मोठी व्हॅन, ड्रायव्हर माझ्याच वयाचा, काळाभोर, डोक्यावर गवती टोपी. पुण्याचा पोट्टा त्याला म्हणाला, "यू आर फॉर द टूर, राइट? हाऊ मेनी आवर्स?" ड्रायव्हरनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग." हा पुन्हा तासांचंच विचारतोय. तो पुन्हा शांतपणे, "गुड मॉर्निंग." तिसऱ्यांदा ह्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो ओशाळून गुड मॉर्निंग म्हणाला. त्या बेटावर आधी नमस्कार, मग काम, अशी पद्धत. मला माणूस आवडला.

मग घोळ झाला. ड्रायव्हर म्हणाला, लहान मुलांच्या सीट कुठायत? सीटशिवाय मी मुलं घेत नाही, रस्ते डोंगरातले आहेत. जावई म्हणाले, आम्हाला वाटलं तुमच्याकडे असतील. तो म्हणाला, बुकिंग करताना तुम्ही मुलांचं बोललाच नाहीत. आणि खरंच, दोघांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं! बेतासाठी तीन आठवडे फोनाफोनी चालली होती, कुठल्या बीचवर वाळू बारीक आहे इथपर्यंत चर्चा झाली होती, आणि मुलं विसरली. विसरली असंही नाही. मुलं म्हटली की काकू, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की मोजायची गरजच वाटली नाही.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग हळूहळू सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. मी वाट बघत होते कोण म्हणतंय.

पुण्याच्या मित्राची बायको म्हणाली, अगदी गोड आवाजात, "काकू आहेत ना!"

जावई म्हणाले, "आई, तसंही तुमची दुपारी पडायची वेळ असते. ऊनही खूप आहे. आम्ही तुमच्यासाठी फोटो काढून आणू."

मी लेकीकडे पाहिलं. म्हटलं आता ही बोलेल. एक दिवस पूर्ण तुझा, असं हिनंच सांगितलं होतं. तिनं नातीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "बघ ना आई, आता काय करणार."

काय करणार? सांगते काय करणार. मी पायऱ्या उतरले, व्हॅनचं पुढचं दार उघडलं, आत बसले, दार ओढून घेतलं आणि पट्टा लावला. मग ड्रायव्हरला म्हटलं, "गुड मॉर्निंग. चला."

तो म्हणाला, "जस्ट यू, मम्मी?"

"जस्ट मी."

बाहेर सगळे पुतळे. मोठ्या माणसाला चारचौघांत गाडीतून खाली उतरा म्हणायची टाप आमच्यात कुणाची नव्हती, आणि ते मला चांगलं माहीत होतं. पाच महिने ज्या मानाच्या नावाखाली मला राबवलं, तोच मान आता त्यांना आडवा आला. लेक मात्र धावत खिडकीशी आली. "आई, अगं काय हे! लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? त्या घोरपडी?" हॉटेलच्या कुंपणावर खरंच दोन भल्यामोठ्या हिरव्या घोरपडी ऊन खात बसल्या होत्या. इग्वाना म्हणतात त्यांना तिथे. त्यांना काही म्हणायचं नव्हतं. "संध्याकाळी येते. बाळाचं दूध फ्रिजमध्ये आहे, खिचडी कुकरमध्ये आहे, आणि मुलांचे आईबाप इथेच आहेत."

ड्रायव्हरनं खांदे उडवले, गवती टोपी नीट केली आणि गाडी काढली. माझं काळीज असं धडधडत होतं की काय सांगू. आनंदानं धडधडत होतं.

फाटकातून बाहेर पडलो आणि मी जागच्या जागी उडाले. गाडी डावीकडून चालली होती! विमानतळावरून येताना डोळा लागलेला, मग दोन दिवस खोलीत कोंडलेली, मला हे दिसलंच नव्हतं. सगळ्या गाड्या डावीकडून, आपल्यासारख्या. अमेरिकेचं बेट, अमेरिकेच्या गाड्या, स्टिअरिंगसुद्धा अमेरिकेसारखं डाव्या हाताला, पण रस्ता मात्र नागपूरचा. म्हणजे मी बसले होते उजवीकडे, बरोब्बर जिथे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे, समोरून गाड्याही बरोब्बर जिथून यायला हव्यात तिथून येत होत्या, फक्त माझ्या हातात स्टिअरिंग नव्हतं. पहिल्याच वळणाला माझा उजवा पाय ब्रेक शोधायला लागला. दुसऱ्या वळणाला दोन्ही पाय. हॉर्न वाजत होते, रस्ता डोंगराला चिकटून वर जात होता, खाली निळंशार पाणी, आणि मी रिकाम्या पत्र्यावर क्लच दाबत होते.

ड्रायव्हरनं ते पाहिलं. "गाडी तुम्ही चालवताय की मी?"

मी सांगितलं की मी गाडी शिकवते. तो हसला. मी पुन्हा सांगितलं. मग त्यानं माझी परीक्षा घ्यायला सुरुवात केली, चढावर समोरून गाडी आली तर आधी कुणी थांबायचं, उतारावर काय करायचं. सगळी उत्तरं दिल्यावर मी त्याला म्हटलं, "आणि तुम्ही मघाशी उतारावर नुसता ब्रेक दाबून गाडी आणलीत, ते चूक. गिअर खाली घ्यायचा." बेटाच्या माथ्यापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. गाल फुगवून बसला. माथ्यावर पोचल्यावर म्हणाला, माझी बायकोही हेच म्हणते. मग आमचं जमलं.

त्यानं मला त्या दिवशी काय काय दाखवलं! माथ्यावरून सगळी बेटं दिसतात, जवळची हिरवी, लांबची निळी, त्यापलीकडची नुसती धुरासारखी. बसमधून आलेले लोक पाच मिनिटं थांबायचे, फोटो काढायचे आणि शिट्टी वाजली की पळायचे. मला कुणी शिट्टी वाजवणारं नव्हतं. मी कठड्यावर बसले आणि मन भरेपर्यंत बसले. गावातल्या जुन्या दगडी पायऱ्या चढले, नवे बूट चावले म्हणून काढून हातात घेतले. रस्त्याकडेला गुलमोहर फुललेला. चिंचेचं झाड दिसलं तेव्हा मी गाडी थांबवायला लावली, खाली पडलेली एक चिंच उचलून तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. पाच महिने अल्फारेटात एक झाड ओळखीचं नव्हतं, आणि इथे समुद्रापार आल्यावर सगळं माहेरचं निघालं.

जेवायला त्यानं एका टपरीवर नेलं. रोटी म्हणाले, म्हणून मी पोळी समजले, तर आली भलीमोठी घडी, आत बटाटा आणि चण्याची रस्सेदार भाजी, मिरची अशी जहाल की नाकातून पाणी. कोण खूश झाले मी! एवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला. त्यानं माझ्या हातात दिला. जावई होते.

"आई, बाळ रडतंय."

"मग घ्या ना कडेवर."

"घेतलंय. बाटलीनं दूध घेत नाहीये."

"तिची आई कुठाय?"

"ती... तीपण रडतेय."

माझ्या तोंडात घास होता. खोटं कशाला सांगू, तो गिळताना जड गेला. लेक रडते म्हटल्यावर कुठल्या आईला गोड लागेल? एक क्षण वाटलं, म्हणावं ड्रायव्हरला, फिरव गाडी. पण मग मी मनात विचार केला, आज परत फिरले तर सहा महिन्यांचं एक्स्टेंशन इथे, ह्या टपरीवरच, सही होऊन जाईल. मी म्हटलं, "तिला घेऊन समुद्रावर जा. वारा लागला की बाळ शांत होतं. बाळाची आई शांत होईल तेव्हा होईल. मी संध्याकाळी येते." आणि फोन बंद केला.

दुपारी मॅगन्स बे नावाच्या किनाऱ्यावर गेलो. ड्रायव्हर नारळाच्या सावलीत टोपी तोंडावर घेऊन झोपला. मी ड्रेससकट पाण्यात जाऊन बसले, गुडघ्याएवढ्या पाण्यात, बसल्यावर ते छातीपर्यंत आलं. लाटा नव्हत्याच, पाणी नुसतं हलत होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्या मांडीवर कुणी नव्हतं. दोन्ही हात मोकळे. काय करावं त्यांचं कळेना, तर ते पाण्यावर पसरून ठेवले. आणि बघा काय मेली माया असते, लगेच नातीची आठवण आली. तिला इथे पाण्यात धरलं असतं तर कसे पाय मारले असते तिनं, असं मनात आलं. आलं तर आलं. तिच्यावर माझा जीव आहे, त्यात लपवायचं काय? जीव आहे म्हणून मी माझं आयुष्य गुंडाळून माळ्यावर टाकावं, हे मात्र मला मान्य नव्हतं.

संध्याकाळी परतले. पुण्याचं जोडपं खोलीत, कार्टं ड्रेसिंग टेबलावर चढलेलं. लेक बाल्कनीत बसली होती, डोळे सुजलेले. मी ओल्या कपड्यांनीच तिच्याशेजारी बसले.

"मजा आली?" तिनं विचारलं. आवाज असा की भांडणच पुढे येणार.

"खूप."

"आम्ही दिवसभर खोलीत होतो."

"मी दोन दिवस होते."

ती एकदम फुटली. "तुला कळत नाही का गं! तू गेलीस की मी काय करू? हा सकाळी जातो. मी, ती आणि चार भिंती. औषध संपलं तरी संध्याकाळपर्यंत वाट बघायची. मला भीती वाटते आई. म्हणून म्हणत होते थांब."

पाच महिन्यांत हे ती पहिल्यांदा बोलली. मला बोलावलं, ठेवून घ्यायला बघितलं, फिरवून आणलं, पण भीती वाटते हे दोन शब्द काही तोंडातून निघाले नव्हते. मी तिला जवळ घेतलं. माझे कपडे ओले होते, तरी ती चिकटली.

"मी थांबले तर काय होईल?" मी म्हटलं. "तू आणि चार भिंतीच राहतील, फक्त त्यात मीपण. सहा महिन्यांनी पुन्हा हेच. औषध संपलं तर दोघींनी मिळून वाट बघायची, हो ना?"

"मग काय करू?"

"ते तू सांग. मी थांबणार नाही एवढं मी सांगते."

ती रागावली. हात सोडवून आत गेली. मी बाल्कनीत बसून राहिले, आणि मलाही रडू आलं. रडले मस्तपैकी. पण शब्द काही मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर सगळे तोंडं फुगवून रांगेत. त्या बेटावरून अमेरिकेत यायचं तर देश एकच असूनही कागद तपासतात. खिडकीमागे गणवेशातला तरुण अधिकारी. आम्ही चौघं एकत्र पुढे गेलो. त्यानं माझ्या पासपोर्टाला टाचलेलं पांढरं कार्ड पाहिलं, त्यावरची राहायच्या मुदतीची जूनची तारीख पाहिली, आणि मला विचारलं, "मॅडम, परत कधी जाताय?"

पाच महिन्यांनी कुणीतरी मॅडम म्हणालं. मी तोंड उघडायच्या आत जावई पुढे झाले. "सर, ॲक्चुअली, वी आर प्लॅनिंग टू एक्स्टेंड..."

"मी त्यांना विचारलं," अधिकारी म्हणाला.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. नजरेत काय होतं ते मी सांगत नाही, आईला कळतं. मी काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि माझ्या इंग्रजीत, जसं येतं तसं, स्वच्छ सांगितलं, "तारखेच्या आत जाते. तिकीट आहे. घरी माझं काम आहे. मी बायकांना गाडी शिकवते. त्या माझी वाट बघतायत."

त्यानं शिक्का ठोकला. "दे आर लकी," म्हणाला. जावई बुटांकडे बघत होते. विमानात लेक खिडकीशी तोंड करून बसली, आणि नात अख्खा प्रवास तिच्याच मांडीवर होती. मी मागितली नाही.

अल्फारेटाला आल्यावर चार दिवस घरात अबोला होता. मी माझी बॅग भरायला काढली, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या धुतल्या. पाचव्या दिवशी शनिवार होता. मी चहा पीत बसले होते. लेक आली आणि तिनं गाडीची किल्ली माझ्या कपाशेजारी ठेवली. मग तिथेच उभी राहिली, हाताची बोटं मोडत. ही टेस्टच्या दिवशी अशीच उभी राहिली असणार.

"बाळ?" मी विचारलं.

"बाप आहे ना," ती म्हणाली.

जवळच्या शाळेचं पार्किंग सुट्टीच्या दिवशी मोकळं असतं. जावयांनी गाडी तिथवर आणून दिली, उतरले आणि नातीला कडेवर घेऊन कडेच्या झाडाखाली उभे राहिले. नात बापाचा चष्मा ओढत होती. लेक स्टिअरिंगवर बसली, मी तिच्या उजवीकडे. सीट पुढे घेतली, आरसे लावले, पट्टा बांधला. सगळं बरोबर केलं पोरीनं.

"आई, तुझ्या बाजूला ब्रेक आहे?" तिनं विचारलं.

तिला माहीत होतं, नाहीये ते. ती नागपूरची मारुती नव्हती. माझे पाय सवयीनं पुढे गेले होते, कधी काही झालं तर दाबायला तयार. मी दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली घेतले.

"नाही," मी म्हटलं. "आता सोड तुझा."